आत्याचं किंडल, भाच्याचं कपाट

हडपसरला गाडीतळाच्या आसपास उभं राहिलं की काय मागाल ते मिळतं. भाजी, भांडी, शाळेची गाईडं, वह्या, स्पर्धा परीक्षेचे ठोकळे. मनात भरलेली एखादी मराठी कादंबरी हवी असेल तर मात्र मनपाची बस धरायची, सोलापूर रस्त्याच्या गर्दीतून दहाएक किलोमीटर जायचं आणि अप्पा बळवंत चौक गाठायचा. परत येईस्तोवर निम्मा रविवार संपलेला असतो. इथल्या लोकांनी पडद्यावर वाचायला का सुरुवात केली, याची चर्चा करणारे नेहमी तंत्रज्ञानापासून सुरू करतात. मी बसच्या वेळापत्रकापासून सुरू करीन.

आमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. वयं पाहून कोण कुठल्या बाजूला असेल असा अंदाज बांधाल तर फसाल. नवऱ्याची आत्या पंचाहत्तरीला टेकलेली, मराठीची निवृत्त शिक्षिका, माळवाडीत राहणारी. तिच्या पिशवीत किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र असतं. नवरा मगरपट्ट्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो भिंतभर कपाटात कागदी पुस्तकं रचतो आणि त्यांना कुणी ओला हात लावला तर घर डोक्यावर घेतो. रविवारी आत्या जेवायला आली की कोशिंबिरीपर्यंत शांतता असते. पुढचं मी टिपून ठेवलं आहे, अधेमधे माझी पदरची भर घालून.

भाचा: आत्या, आम्हाला पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला लावायचीस तू. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायला लावायचीस. आणि आता ही पाटी घेऊन बसतेस?

आत्या: अरे, महंमदवाडीच्या देसाई हॉस्पिटलात दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी दृष्टी परत दिली, पण छापखान्यांनी अक्षरं मोठी केली नाहीत ना! दिवाळी अंक तर बघायलाच नको. बारीक टाइप, दोन रकाने, मध्ये सोन्याची जाहिरात. ऑपरेशनच्या आधीपासूनच माझं वाचन सुटलं होतं. तुमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हातारी टीव्हीसमोर बसते म्हणजे मजेत आहे, असं तुम्ही धरून चाललात.

(हे खरं होतं. आम्ही तसंच धरून चाललो होतो. आत्याच्या लेकीने न्यूजर्सीहून येताना ते यंत्र आणलं, आणि आत्या टीव्हीसमोरून उठली.)

आत्या: आणि वजन? ‘मृत्युंजय’सारखं जाडजूड पुस्तक आडवं पडून वाचून दाखव. मनगट दुखतं, झोप लागली तर तोंडावर पडतं. याचं वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. एका हातात राहतं, दुसऱ्या हाताने चहा.

भाचा: अक्षराचं मान्य. पण डोळ्यांचं दुखणं आणि औषध काय, तर पडदा! मी दिवसभर पडद्यात डोकं घालून बसतो. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

आत्या: तुझा पडदा वेगळा. तूच मागे समजावून सांगितलं होतंस मला, आता सोयीने विसरतोस?

नवऱ्याला इथे नाइलाजाने शत्रूची बाजू मांडावी लागली, आणि ती त्याने चांगली मांडली. ई-इंक नावाचा हा पडदा स्वतः उजेड फेकत नाही. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. कुपीत काळे आणि पांढरे कण तरंगत असतात, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. विजेचा इशारा मिळाला की काळे वर येतात किंवा पांढरे. एकदा वर आले की तिथेच राहतात, म्हणून वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. उजेड खोलीतला किंवा कडेच्या छोट्या दिव्यांचा, तो अक्षरांवर पडून डोळ्यांकडे येतो, जसा कागदावरून येतो. झोपेआधी पडद्यावर वाचल्याने झोप लांबते असं सांगणारा २०१४चा एक अमेरिकी प्रयोग वारंवार उद्धृत होतो. त्यात बारा माणसं होती आणि त्यांच्या हातात आयपॅड होता, किंडल नव्हतं. हेही त्यानेच सांगितलं, बिचाऱ्याने.

भाचा: बरं, डोळे सोड. लक्षात राहण्याचं काय? मागच्या रविवारी तू कादंबरी सांगत होतीस, तेव्हा ‘तो प्रसंग साधारण चाळीस टक्क्यांवर आहे’ म्हणालीस. चाळीस टक्के! गोष्ट आहे की बँकेचं कर्ज? मला माझ्या पुस्तकातला प्रसंग आठवतो तो डावीकडच्या पानावर, खाली, चहाचा डाग आहे त्याच्या जरा वर. तू अक्षर मोठं केलंस की पानच बदलतं. काल जे वाक्य वर होतं ते आज खाली. आठवण टांगायची कुठे?

आत्या: खुंटी नसते हे खरं. मागे जाऊन काही शोधायचं तर मी चाचपडते. मान्य.

भाचा: यावर अभ्यास झालेत. नॉर्वेच्या आन मांगेन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये छापलेला एक बघ. पन्नास जणांना एकच रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. गोष्ट दोघांनाही सारखीच कळली. पण आधी काय घडलं, नंतर काय घडलं, हा क्रम लावताना किंडलवाले मागे पडले. त्याआधी २०१८मध्ये चोपन्न अभ्यासांची एकत्र छाननी झाली होती, एक लाख सत्तर हजारांवर वाचकांची. निष्कर्ष कागदाच्या बाजूने.

आत्या: पूर्ण सांग. त्या छाननीत कथा-कादंबरीपुरता फरक सापडला नव्हता. माहितीचा मजकूर वाचताना आणि वेळेची घाई असताना कागद पुढे होता. तूच मला ते पाठवलं होतंस, मी वाचलं. मोठ्या अक्षरात.

इथे मला एक गोष्ट मध्ये घालावीशी वाटते, कारण ती दोघांनाही दिसत नाही. आमच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी उभं राहा. आजूबाजूच्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं-मुली येतात. मोबाइलवर आलेली पीडीएफ दुकानदाराच्या नंबरावर पाठवतात, ‘दोन्ही बाजूंनी काढा’ म्हणतात, स्पायरल मारून घेतात आणि तिथेच उभ्याउभ्या पिवळ्या हायलायटरने पहिलं पान रंगवायला घेतात. या मुलांच्या हातात मोबाइल जन्मापासून आहे असं आपण म्हणतो. आयुष्याचा प्रश्न आला की ती पदरचे पैसे मोडून पडद्याचा कागद करून घेतात. त्या चोपन्न अभ्यासांचा निष्कर्ष हडपसरचा झेरॉक्सवाला कधीपासून गल्ल्यात मोजतोय.

नवरा हे ऐकून खूश झाला. आत्याने मात्र लगेच दुसरं टोक धरलं.

आत्या: ती मुलं परीक्षेसाठी वाचतात. मी निवांतपणासाठी वाचते. आणि तिसरीकडे बघ की. आमच्या खालच्या मजल्यावरची ती पोळ्या करणारी मुलगी. दहावीनंतर हातात पुस्तक नाही. आता मोबाइलवर प्रतिलिपी नावाच्या ॲपवर रोज गोष्टीचा भाग वाचते. दोन घरांच्या मध्ये, जिन्यात बसून. पुढचा भाग उद्या, म्हणून उद्याची वाट बघते. ही वाचक तुझ्या कपाटाने घडवली नसती.

भाचा: त्या गोष्टी तू वाचल्यास? श्रीमंत, गर्विष्ठ नायक, गरीब नायिका, सक्तीचं लग्न. दर भागाच्या शेवटी कुणीतरी दार उघडतं.

आत्या: वाचल्या. बऱ्याचशा भिकार आहेत. आमच्या वेळी ग्रंथालयात जे झिजायचं ते काय होतं? बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. त्यांच्या पुस्तकांची पानं सुटलेली, आणि कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुनी कोण ते लिहून ठेवलेलं! तिथून पुढे जाणारे पुढे गेले, राहणारे राहिले. आणि तुकड्यातुकड्याने गोष्ट वाचायची म्हणून नाक मुरडतोस, तर ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी कशी आली? हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये, १८९०पासून, दर आठवड्याला थोडी थोडी. तेव्हाही बायका पुढच्या अंकाची वाटच बघत असणार.

(मराठीच्या बाईंपुढे हरिभाऊ निघाले की समोरच्याने पानावरून उठावं. नवरा उठला नाही.)

भाचा: ‘करमणूक’ हातात असताना त्याच कागदावर बँकेचा ओटीपी येत नव्हता. वाचताना फोन वाजत नव्हता. फरक तिथे आहे. तुझं किंडल मी एकवेळ सहन करीन, त्याला दुसरं काही येतच नाही. मोबाइलवर वाचणारा माणूस वाचत नसतो, तो अडवला जाण्याची वाट बघत असतो. माझंच घे. ऑफिसात जेवणानंतर मोबाइलवर लेख उघडतो, तिसऱ्या परिच्छेदात कुणाचा तरी निरोप येतो, परत येतो तेव्हा पहिल्यापासून सुरू. असे अर्धे सोडलेले लेख माझ्या फोनमध्ये किती असतील देव जाणे. अर्धं सोडलेलं एखादं पुस्तक कपाटात ठेवायची मला लाज वाटते, कारण ते रोज माझ्याकडे बघतं. फोनमधलं बघत नाही.

यावर आत्या काही बोलली नाही. तिने ताक ओतून घेतलं. माझ्या मते दोघांच्या भांडणात सगळ्यांत पक्का मुद्दा हाच निघाला. सगळे ‘पडदा’ हा एकच शब्द वापरतात. एकच काम करणारी वस्तू आणि सतरा कामं करणारी वस्तू यांच्यातला फरक मात्र कागद आणि काच यांच्यातल्या फरकाहून मोठा आहे. तसं पाहिलं तर पुस्तक आणि किंडल एका बाजूला आहेत. दोन्हीकडे वाचण्याशिवाय फारसं काही करता येत नाही, म्हणून माणूस वाचतो.

मराठी अक्षरांवरून मात्र दोघांचं एकमत झालं. किंडलवर मराठी, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम पुस्तकं अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६मध्ये. अमेरिकेत किंडल निघालं २००७ साली. नऊ वर्षं आपण रांगेत. आली तेव्हाही काही पुस्तकांत जोडाक्षरं फुटलेली, ‘वाऱ्यावर’ शब्दातल्या ‘ऱ्या’चा घोळ, वेलांट्या सरकलेल्या. आत्याला वाटायचं डोळ्यांचाच दोष. नवऱ्याने सांगितलं की बहुतेक प्रकाशकांच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटांमध्ये बसवलेल्या असतात. कागदावर त्या सुबक उमटतात, कारण छापताना दिसणं पुरतं. ई-पुस्तकात अक्षर दिसून भागत नाही, ते यंत्राला कळावंही लागतं. म्हणून फाइल फिरवावी लागते, आणि फिरवल्यानंतर कुणालातरी पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं. ते पैसे वाचवले की वेलांट्या सरकतात. आत्या म्हणाली, ते काम मला द्या, मी फुकट करते. तिने खरोखर वहीत चुका उतरवून ठेवल्या आहेत, प्रत्येक चुकीपुढे टक्के लिहून.

मग नवऱ्याने ठेवणीतला प्रश्न काढला.

भाचा: आत्या, गेल्या महिन्यात तू ती कादंबरी वाचलीस, मला म्हणालीस, तू वाचच. मी म्हटलं दे. दिलीस?

आत्या: कशी देणार? यंत्रच द्यावं लागेल.

भाचा: तेच. तू पैसे दिलेस, पण पुस्तक तुझं झालं नाही. तुला ते वाचायची परवानगी मिळाली. २००९ साली ऑरवेलची दोन पुस्तकं, ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’, लोकांच्या किंडलवरून ॲमेझॉनने परस्पर पुसून टाकली. हक्काचा काही घोळ होता, पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण पुसता येतात हे कळलंच ना? मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि दुकानाबरोबर लोकांनी घेतलेली पुस्तकंही गेली. पुन्हा पैसे परत. आणि २०२५च्या फेब्रुवारीत किंडलची पुस्तकं आपल्या काँप्युटरवर उतरवून ठेवायची सोयही काढून टाकली. माझं कपाट कुणाला रात्रीतून रिकामं करता येईल?

आत्या: वाळवीला.

भाचा: चेष्टा नको. तुझ्या लहानपणी तुमच्या घरात पुस्तकं किती होती?

आत्या: घरातली म्हणशील तर ज्ञानेश्वरी आणि पंचांग.

भाचा: मग तू वाचलंस कुठून?

आत्या गप्प झाली. पण हे गप्प बसणं हरल्याचं नव्हतं, आठवण्याचं होतं. मग ती बराच वेळ बोलली. तिच्या लहानपणीच्या वाचनालयाचं, वर्गणीचं, अनामत रकमेसाठी वडिलांच्या मागे लागण्याचं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के असायचे. त्यावरून पुस्तक चालतं की नुसतं पडून असतं ते कळायचं. दिवाळीनंतर अंकांची वेगळी वर्गणी, आणि चांगला अंक आधी कुणाला मिळतो यावरून शेजाऱ्यांत अबोला. अंक हातोहात फिरत फिरत होळीपर्यंत मुखपृष्ठाविना व्हायचे.

आत्या: मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही म्हणून सगळे नावं ठेवतात. पण तो वाचायचा, उसनं घेऊन. पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली ती १८४८ साली. लोकहितवादींसारखी माणसं त्यात होती. आपल्या राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७चा. अनुदान घेणारी वाचनालयं आजही अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. मी घडले ती उसन्या पुस्तकांवर. आणि आता मला पुस्तक मिळतं, पण मी कुणाला देऊ शकत नाही. हे मात्र बरोबर म्हणतोस तू.

भाचा: मग?

आत्या: मग काय? माझी लेक तिकडे वाचनालयाच्या कार्डावर लिबी नावाच्या ॲपवरून ई-पुस्तक घरी बसून उसनं घेते. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, दंड नाही, हेलपाटा नाही. वाचनालयाने जेवढ्या प्रती घेतल्या तेवढ्याच माणसांना एका वेळी मिळतं, बाकीचे रांगेत. म्हणजे यंत्रात उसनवारी बसते. ती बसवायची की नाही हे दुकानदार ठरवतो, यंत्र नाही. माझ्या वाचनालयात ती सोय नाही. चौकशी केली तर म्हणाले, आजी, इथे पंखा दुरुस्त करायला पैसे नाहीत.

इथे सरकारचंही एक गमतीचं गणित आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर पाच टक्के, आणि २०१८च्या मध्यापर्यंत तर अठरा टक्के होता. म्हणजे ज्या डोळ्यांना छापील अक्षर दिसत नाही, त्यांनी मोठ्या अक्षराचा कर भरायचा.

भाचा: फुकट पीडीएफ फिरतात की ढिगाने.

आत्या: त्या मी उघडत नाही. लेखकाच्या पोटावर पाय. राजरोस फुकट मिळतं ते वाचते. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं संकेतस्थळावर ठेवलीत. ई साहित्य प्रतिष्ठान आहे. विश्वकोश तर सगळाच आहे. मात्र यातलं बरंचसं पीडीएफ, आणि पीडीएफचं अक्षर माझ्या यंत्रावर मोठं होत नाही. पान मोठं होतं, मग ओळ वाचायला उजवीकडे सरका, पुन्हा डावीकडे सरका. त्यापेक्षा भिंग बरं.

नवऱ्याने यावर तोड सुचवली. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं टंकून ठेवली जातात, स्वयंसेवक ती तपासतात, आणि तिथून ती ईपब प्रकारच्या फाइलीत उतरवता येतात. ती फाइल किंडलला चालेल अशा रूपात बदलली की अक्षर हवं तेवढं वाढतं. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११पासून खुलं आहे. हरिभाऊ तर १९१९मध्येच गेले. मग त्याने कपाटाच्या खालच्या खणातून स्वतःचं जुनं किंडल काढलं. ते तिथे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. कागदाच्या या पुजाऱ्याने ते एका सेलमध्ये घेतलं होतं म्हणे. त्याने त्यावरचं स्वतःचं खातं काढून टाकलं आणि आत्यासमोर ठेवलं. ‘यावर कुणाच्याही मालकीची नसलेली पुस्तकं भरतो. अक्षर मोठं करून ठेवतो. वाचनालयाला दे. पुस्तकासारखंच रजिस्टरला चढवायचं, शिक्का मारून पंधरा दिवसांसाठी घरी द्यायचं.’

आत्याने विचारलं, ‘आणि कुणी परत नाही आणलं तर?’

‘तर अनामत जप्त. तुमच्या वेळी काय करायचे?’

मला विचाराल तर दोघांच्या भांडणाचा निकाल असा. वाचायला काय घ्यायचं हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांनी आणि मनगटाने ठरवावं. वाचून झालेलं पुढे देता येत नसेल तर मात्र ते मराठीला महागात पडेल, कारण इथला वाचक घरच्या कपाटावर कधीच वाढला नव्हता. प्रकाशकांनी आणि ग्रंथालय संचालनालयाने ई-पुस्तकं वाचनालयांतून उसनी मिळतील अशी व्यवस्था करायला हवी, आणि मागणी करणारे वाचक नसतील तर ती कुणी करणार नाही. तोवर मगरपट्ट्यात, अमनोरात, फुरसुंगीत आणि तुमच्याही गावात ज्यांच्या ड्रॉवरमध्ये चार्जरसकट एखादं वाचनयंत्र पडून आहे, त्यांनी ते काढावं, त्यावरचं आपलं खातं पुसावं, हक्क संपलेली चार-दोन मराठी पुस्तकं भरावीत आणि जवळच्या वाचनालयात नेऊन द्यावं. अक्षर मोठं करून ठेवायला विसरू नका.